त्या मनमिळाऊ कधी होत्या?

गेल्या महिन्यात या पानाच्या तळाशी दोन ओळी छापल्या होत्या: घरातल्या गेलेल्या माणसाविषयी लिहायला बसलात आणि अडलात, तर कळवा. वाटलं होतं, आईवडिलांविषयी पत्रं येतील. आली ती बहुतेक मावशी, आत्या, काकूंची, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणी मास्तरीणबाई. तसं नवल नाही. पन्नास-साठच्या दशकात बाईमाणसाला नोकरीची परवानगी मिळायची ती शाळेत, नाहीतर दवाखान्यात. ती पिढी आता एकेक करून चालली आहे. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्यावर जास्त रेंगाळलो, कारण त्यात माझंही एक जुनं देणं होतं.

प्रश्न : माझी मावशी लांजा तालुक्यात ३७ वर्षं प्राथमिक शिक्षिका होती. १९६१ ला लागली, १९९८ ला रिटायर झाली. लग्न केलं नाही. गेल्या पावसाळ्यात वयाच्या ८५ व्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला तिचे जुने विद्यार्थी कार्यक्रम करणार आहेत, छोटी स्मरणिकाही काढणार आहेत. घरच्यांच्या वतीने दोन पानं मी लिहायची आहेत. चार वेळा लिहून फाडलं. ‘हाडाची शिक्षिका’, ‘मायेची सावली’, ‘विद्यार्थी हेच तिचं कुटुंब’... वाचलं की वाटतं, ही कुणाचीही मावशी असेल. तिच्या लग्न न करण्याविषयी लिहावं का? ती तापट होती, ते लिहावं का?
एक भाची, पुणे

उत्तर : ताई, फाडलंत ते बरं केलंत. मी फाडलं नव्हतं.

मी साताऱ्याकडच्या एका दैनिकात पंचवीस वर्षं डेस्कवर होतो आणि निधनवार्ता हे माझं खातं होतं. रोज संध्याकाळी सात-आठ कागद यायचे. पुरुष असेल तर ‘प्रगतशील शेतकरी’, बाई असेल तर ‘धार्मिक व मनमिळाऊ’, शिक्षक असेल तर ‘हाडाचे’. मग ‘त्यांच्या पश्चात’ आणि सावडण्याची वेळ. हात इतका बसला होता की माझी आत्या गेली त्या रात्री मीच तिची बातमी केली आणि तीही तशीच केली. ‘हाडाच्या शिक्षिका, धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या.’ सकाळी नऊला ऑफिसात फोन. पाटणच्या बाजूची म्हातारी बाई होती. नाव सांगितलं नाही, नमस्कार नाही, एकदम म्हणाली, “पेपरात चुकलंय तुमच्या. बाई मनमिळाऊ कधी होत्या?”

तो फोन मला आजवर पुरला आहे. आत्या, म्हणजे आमची आक्का, खरंच मनमिळाऊ नव्हती. लग्नाकार्यात जेवण झालं की पिशवी उचलून निघायची. देवळात जायची ती चतुर्थीला, तेही रांग नसेल तर. माझ्या शब्दांत ती कुठेच नव्हती.

म्हणून पहिलं सांगतो. लिहायला बसण्याआधी मावशींची सेवापुस्तिका शोधा. जिल्हा परिषदेच्या जुन्या शिक्षकांनी तिची दुसरी प्रत, नाहीतर निदान बदल्यांचे आदेश, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले असतात. आम्हाला आक्काची सापडली ती तिच्या तेराव्यानंतर, रेशनकार्डाच्या खाली. पहिल्याच पानावर ‘ओळखीची खूण : डाव्या भुवईवर व्रण’. तो व्रण मी आयुष्यभर पाहिला होता, विचारला कधीच नव्हता. बाबांना दाखवलं तर ऐंशीतला माणूस लाजला. “विटी माझीच होती,” म्हणाले. म्हणजे आमची ही करकरीत आक्का एके काळी भावासमोर विटीदांडू खेळायला उभी होती, आणि झेल घ्यायला पुढे धावली होती.

त्याच पुस्तिकेत तिचं अख्खं आयुष्य शिक्क्यांनी मांडलं होतं. १९५८ ला लागली तेव्हा शाळा स्कूल बोर्डाची. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा शिक्का बदलला. तिचं गाव, फळा, पगार तेच राहिले. सातवीची फायनल होऊन लागलेली, म्हणून आधी ‘अनट्रेन्ड’, मग पीटीसी, म्हणजे शिक्षकाचं प्रशिक्षण, झाल्यावर पाच-दहा रुपयांची वाढ. १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप. पाच बदल्या, त्यातल्या तीन पाटणकडच्या मोरणा नदीच्या खोऱ्यातल्या वाड्यांवर, जिथं एसटीतून उतरून पुढं तासभर चालायचं.

आणि एका पानावर : १९६९, जुलै-ऑगस्ट, ४१ दिवस, असाधारण रजा, विनावेतन.

आक्का कधी रजा घेत नाही, ही आमच्या घरातली म्हण होती. तापात फणफणली तरी शाळेत जाणार. मग ऐन पावसाळ्यात, शाळा सुरू झाल्या झाल्या, पगार कापून ४१ दिवस? मी आईला विचारलं. आई गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझ्या वेळी वन्संच होत्या ना घरी.” मी तिसरा. पहिली दोन बाळंतपणं माहेरी झाली, तिसरं इथंच, आणि त्यात आई फार आजारी पडली होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सांगावं असं कुणाला वाटलं नव्हतं, आक्काला तर नाहीच. पन्नास वर्षं मी तिला ‘शाळेपायी घराकडं न बघणारी’ म्हणून ओळखत होतो.

आता तुमच्या मावशींकडे येऊ. घरच्यांना मावशी माहीत असते, गावाला बाई माहीत असतात, आणि या दोघींची एकमेकींशी फारशी ओळख नसते. स्मरणिकेत विद्यार्थी बाईंवर लिहितीलच. तुम्ही त्यांचंच पुन्हा लिहू नका. रविवारी दुपारी मावशी काय करायची? केस कुठं बसून विंचरायची? पावसात लांज्याकडचे व्हाळ भरले की साकवावरून जाताना चपला हातात घ्यायची की पिशवीत टाकायची? हे तुम्हालाच ठाऊक असणार. नसेल, तर तुमच्या आईला विचारा, ती सख्खी बहीण आहे.

विद्यार्थ्यांशीही बोला, पण ‘बाई कशा होत्या’ असं विचारू नका. त्याला एकच उत्तर येतं, ‘फार चांगल्या’. मी आक्काच्या पाच-सहा जणांना विचारलं, “बाईंच्या हातात काय असायचं?” मग बोलू लागले. एक एसटीचा कंडक्टर म्हणाला, “हातात फूटपट्टी आणि तोंडात अडीचकी.” पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, ही अपूर्णांकांच्या पाढ्यांची उतरंड. पुस्तकातून ती कधीच गेली होती, तरी आक्का शाळा सुटायच्या आधी म्हणून घ्यायची, सगळ्यांनी उभं राहून, दप्तर पाठीला लावून, चुकला त्याने थांबायचं. हा गडी म्हणतो, “मशीन बंद पडलं की आजही ओठ आपोआप हलतात, सात अडीच साडेसतरा.”

दुसरी भाजीवाली. चौथीनंतर तिला घरी बसवलं, लग्न ठरवलं. आक्का तिच्या बापाकडे सात वेळा गेली. आठव्यांदा त्यानं कुत्रं सोडलं. म्हणजे तिथं आक्का हरली, आणि हे तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं. ती भाजीवाली पुढं बाजारात बसू लागली. आक्का दर आठवड्याला तिच्याकडेच जायची, पावशेर मेथी, अर्धा किलो वांगी, चार लिंबं घ्यायची, पन्नासाची नोट पुढं धरायची आणि म्हणायची, “हिशेब तू सांग. बोटं मोडायची नाहीत.” मागं गिऱ्हाईक तिष्ठत असायचं. हे वीस वर्षं चाललं. “मला वाटायचं म्हातारीला येत नाही,” भाजीवाली हसून म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला. मीही दुसरीकडे बघितलं.

लग्नाचं म्हणाल, तर माझं मत स्पष्ट आहे. ‘विद्यार्थ्यांसाठी अविवाहित राहिल्या’ असं, खात्री असल्याशिवाय, मुळीच लिहू नका. हा आपला आवडता लबाडपणा आहे. बाईनं लग्न केलं नाही की तिला त्यागाची शाल पांघरायची. पगार घरात लागत होता म्हणून कुणी विषय काढला नाही, अशीही उदाहरणं त्या काळात घराघरात होती. कुणाला खरंच करायचं नव्हतं. आक्काचं कारण आम्हाला माहीत नाही, म्हणून मी ‘लग्न केलं नाही’ एवढंच लिहिलं आणि पुढं गेलो. तिच्या सेवापुस्तिकेत ती अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत ‘कुमारी’ होती, आणि निवृत्तीच्या निरोप समारंभाच्या पत्रिकेत एकदम ‘श्रीमती’ झाली. त्यावर ती म्हणाली होती, “बघ, सरकारने शेवटी उजवली मला.” असं एखादं वाक्य मावशींचं असेल तर तेवढं लिहा. बाकी सगळ्या कुजबुजीचं तोंड बंद होतं.

तापटपणाही लिहा, पण शब्द नको, प्रसंग लिहा. आणि रिटायरमेंटनंतरची सत्तावीस वर्षं विसरू नका. स्मरणिकेतल्या बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निरोपाचा नारळ घेऊन संपतात, पण तुमच्या मावशींनी नोकरीच्या दोन तृतीयांशाहून जास्त काळ नंतर काढला आहे. दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला कोण न्यायचं? आक्का इस्त्रीचं पातळ नेसून, चष्मा पुसून जायची, आणि परत येऊन चपला काढता काढता आईला सांगायची, “वहिनी, सांगून आले गं, अजून आहे म्हणून.” शेवटच्या वर्षी बँकेचा माणूस घरी आला. ते तिला आवडलं नव्हतं.

दोन पानांना एवढं पुष्कळ झालं. लिहून झालं की तुमच्या आईला मोठ्यानं वाचून दाखवा. ती मध्येच ‘नाही गं, तसं नव्हतं’ म्हणाली, तर लेख जमला समजा. तिथून खरं सुरू होतं.

प्रश्न : आमच्या चौथीच्या वर्गशिक्षिका वारल्या. वर्गमित्रांनी फोनवर ग्रुप केला आहे, वर्गणी आणि मनोगतं मागत आहेत. सगळे लिहितात, बाईंनी आम्हाला घडवलं. मला बाईंनी वही नाही म्हणून आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. वडील मागावर होते, माग बंद होता. मी कुणाला बोललो नाही. बायको म्हणते, मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये. मी काय करू?
एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : वर्गणी द्यायची नसेल तर देऊ नका. मनोगतही लिहू नका. ग्रुपवर गप्प राहणं हा गुन्हा नाही, आणि चाळीस जणांच्या गहिवरात एकट्यानं उभं राहून तक्रार मांडण्याची सक्तीही तुमच्यावर नाही. पण खोटं मात्र लिहू नका, ते तुम्हालाच सलत राहील.

आजच्या कायद्याने, म्हणजे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, मुलाला मारणं आणि मानसिक छळ करणं दोन्ही बंद आहे. आठवडाभर बाहेर उभं करणं यात येतंच. तेव्हा कायदा नव्हता, हे खरं. पण वर्गाबाहेर उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या पोराला काय वाटतं, ते कळायला कायदा लागत नव्हता.

हे मी आत्याचा भाचा म्हणून लिहितो आहे. आक्काच्या तेराव्याला एक अनोळखी गृहस्थ आले, पन्नाशीचे. ओट्यावर बसले, जेवायला उठले नाहीत. बाबांनी पाणी दिलं तेव्हा म्हणाले, “बाईंनी माझ्या थोरल्या भावाला पट्टी उभी धरून मारलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. बाई न्यायला आल्या होत्या, तो माळ्यावर लपला. पुढं तो मुंबईला गेला, हमालीला. मला बाईंनीच शिकवलं, मी ग्रामसेवक झालो. म्हणून आलो. पण जेवायचं होत नाही.” बाबा त्यांच्याशेजारी बसून राहिले. काही बोलले नाहीत. पंगत आतून बोलावत होती.

आक्काविषयी मी घरच्यांसाठी जे लिहून ठेवलं आहे, त्यात ते गृहस्थ आहेत, भाजीवालीच्या लगेच नंतर. चुलत बहिणीला ते खटकलं. मी काढलेलं नाही.

तुमच्या बायकोला मात्र हे सगळं सांगा, माग बंद होता इथपासून. ग्रुपपेक्षा तिला सांगणं जास्त गरजेचं आहे.

प्रश्न : काकूंच्या फोटोखाली ‘कै.’ लिहावं की ‘स्व.’? भाऊ म्हणतो, दोन्ही जुनाट आहे, ‘दिवंगत’ लिही.
एक पुतण्या, बार्शी

उत्तर : तिन्ही चालतात. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, ‘स्व.’ म्हणजे स्वर्गवासी. ‘दिवंगत’ म्हणजेही स्वर्गाला गेलेला, पण त्यातला पत्ता चटकन दिसत नाही, म्हणून हल्ली लोकांना तो बरा वाटतो. बार्शीचे आहात म्हणून विचारतो, काकूंच्या गळ्यात माळ होती का? असेल, वारी करत असतील, तर ‘वै.’ लिहा, वैकुंठवासी. वारकऱ्याला कैलासात पाठवलेलं वारकऱ्यांना रुचत नाही. बौद्ध घरांत ‘कालकथित’ लिहितात, तो शब्द मला या सगळ्यांत सरळ वाटतो. आक्काच्या फोटोखाली आम्ही काहीच लिहिलं नाही. नाव, आणि खाली ‘प्राथमिक शिक्षिका’. भिंतीवर लावताना बाबा म्हणाले, “वेलांटी दीर्घ पडलीय का बघ रे कुठं, नाहीतर रागावेल.”

प्रश्न : आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. तिच्या नावानं शाळेत ११,००० रुपये ठेवून पहिल्या नंबराला बक्षीस द्यायचा विचार आहे. शिवाय तिच्या वस्तू पडून आहेत, पेटीभर वह्या, तक्ते, नकाशे, निरोप समारंभातल्या शाली. टाकवत नाहीत. काय करावं?
एक भाचा, चाळीसगाव

उत्तर : आधी पैशांचं. अकरा हजारांवर सहा-सात टक्के धरले तर वर्षाला सातशेच्या आसपास व्याज येतं. एका ढालीलाही ते धड पुरत नाही, आणि दहा वर्षांनी तर विचारूच नका. दुसरं, शाळेचा पट किती आहे ते पाहून या. वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचं सरकारच्या विचारात २०२३ पासून आहे. बक्षीस राहील आणि शाळाच नसेल, असं नको. त्यापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीला भेटा, मुख्याध्यापकांना विचारा की या वर्षी काय अडलंय. कुठं नळाची तोटी असते, कुठं मुलींच्या संडासाचं दार. अकरा हजारांत दार बसतं. त्यावर नाव घालू नका म्हणजे झालं. आणि पहिला नंबरच कशाला? कायम शेवटून पहिला येणारा पोरगा तुमच्या आत्यालाही सगळ्यात जास्त आठवत असणार, विचारायला हवं होतं.

शाली वाटून टाका, थंडीच्या आत. तक्ते-नकाशे कुणी घेणार नाही, एक ठेवा. वह्या मात्र चाळल्याशिवाय रद्दीत घालू नका. मास्तरीणबाई टाचणवहीच्या मागच्या पानावर दूधवाल्याचा हिशेब, औषधाची नावं, कुणाला किती उसने दिले, सगळं लिहितात.

वस्तू परत करण्याच्या भानगडीत पडू नका, हे मी अनुभवावरून सांगतो. आक्काच्या एका शाळेत घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा वीतभर तुकडा होता. तो वाजवायचा तो एक लोखंडी बोल्ट, मुठीएवढ्या डोक्याचा. रात्री पोरं घंटा बडवतात म्हणून आक्का तो बोल्ट रोज पिशवीतून घरी न्यायची. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, पहाटे. सोमवार होता. शाळेची मागची भिंत वर्गात पडली होती, साडेदहाला तिथं पोरं बसली असती. घंटा आंब्याला तशीच लोंबत होती. आक्का सांगायची, त्या दिवशी गावात कुणी घरात जायला तयार नव्हतं, सगळे उघड्यावर बसलेले. तिला काही सुचेना, म्हणून तिनं पिशवीतून बोल्ट काढला आणि वेळेवर घंटा दिली. एकतीस पोरं आली. आंब्याखाली तिनं नुसती हजेरी घेतली, एकेकाचं नाव, आणि सोडून दिलं. हजेरी पुरी झाली का, हे मी लहानपणी शंभरदा विचारलं असेल. प्रत्येक वेळी म्हणायची, “झाली.”

पुढं तिची बदली झाली, चार्ज दिला, बोल्ट पिशवीतच राहिला. आमच्या घरी तो चाळीस वर्षं गूळ फोडायला होता. ती गेल्यावर मला वाटलं, ज्याचं त्याला द्यावं. तिळाच्या तेलाने पुसून, फडक्यात गुंडाळून मोरगिरीच्या वर त्या वाडीत गेलो. शाळा आता स्लॅबची आहे, घंटा विजेची. गुरुजी तरुण, फार चांगले, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, बोल्ट हातात घेऊन तोललासुद्धा. मग कपाटातून जुनं डेडस्टॉक रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली आले आणि म्हणाले, “घंटा एक, अशी नोंद आहे. बोल्टची नाही. मला घेता यायचा नाही.”

परत आणला. आईने पुन्हा गुळाच्या डब्याशेजारी ठेवला.